आज्याने भरलेली छाती

मी सैन्यात गेलो नाही, याचं एकमेव कारण म्हणजे मला घरातच मिळालेलं लष्करी शिक्षण.

शिक्षक होता माझा आजा, फौजेतून निवृत्त झालेला. त्याची भरती झाली जव्हारच्या आठवडी बाजारात. भाताचं पोतं खांद्यावर घेऊन चालला होता, खुर्ची टाकून बसलेल्या साहेबाने हाक मारली, छातीवर दोन थापा मारल्या आणि म्हणाला, चल. जन्मतारीख आज्याला ठाऊक नव्हती, तेव्हा साहेबाने स्वतःला बरी वाटली ती लिहिली. (आमच्या घरात एक जूनला नसलेला तेवढा एकच वाढदिवस, बाकी सगळ्यांचे शाळेतल्या गुरुजींनी लिहिलेले!)

माझी वेळ आली नव्वदच्या दशकाच्या शेवटी. तोवर भरतीला दाखल्यांची पिशवीच लागू लागली होती. आज्याने ती पिशवी हातात तोलून पाहिली.

"कागद भरती करायचेत का मानूस?"

आणि त्याने माणूस तयार करायला घेतला. नियम एकच: छाती कायम भरलेली पाहिजे, साहेबासमोर पडली की संपलास. पोशेऱ्याच्या चढावर पळताना, नाचणीत निंदणी करताना, जेवतानासुद्धा मी दोन महिने छाती भरून वावरलो. आईला वाटलं, मी रुसलोय. तिकडे आज्याने आपली काळी लोखंडी पेटी घासली, तिच्यावरचा स्वतःचा फौजी नंबर खरवडून काढला आणि माझं नाव रंगवलं. खाली माझ्या नंबरासाठी जागा मोकळी ठेवली. जेवायला बसताना मी त्या मोकळ्या जागेकडे पाठ करायचो.

भरतीच्या दिवशी आजा इस्त्रीचा खाकी कोट घालून सोबत आला. धावण्यात मी सहज पास झालो. आमच्या चढांपुढे सपाट मैदान म्हणजे पायांचे लाडच. मग आली छाती. हवालदाराने नेहमीसारखा उभा राहा म्हणून सांगितलं. माझं नेहमीचं म्हणजे भरलेलंच! टेप लागली, ब्याऐंशी. गडी खूश झाला.

"अब फुला."

मी जीव काढला. डोळे बाहेर आले, कान तापले, टेप जागची हलली नाही. आता नुसती मोठी छाती चालत नव्हती, फुगवल्यावर पाच सेंटीमीटरचा फरक लागत होता. हवालदार बिचारा भला माणूस. त्याने हळूच सांगितलं, "पहले साँस छोड़, बेटा."

पण आज्याचा हुकूम दोन महिन्यांचा आणि याचा आत्ताचा. मी मान हलवून नाही म्हटलं. फौजेत शिरण्याआधीच हुकूम मोडणारा मी पहिलाच असेन. हवालदाराने पुढच्याला बोलावलं.

आजा बाहेर झाडाखाली उभा होता. मी सगळं सांगितलं. पाच सेंटीमीटर म्हणजे किती, त्याने विचारलं. मी बोटांनी दाखवलं. तो माझ्या बोटांकडेच बघत राहिला. मग एसटीत जव्हारचा घाट लागला तेव्हा माझ्याकडे वळला.

"भरायचं शिकवलं मी तुला," तो म्हणाला. "सोडायचं शिकवलंच नाय. चूक माझी हाये, पोरा."

मला रडू फुटलं आणि दोन महिने कोंडलेला श्वास एकदम सुटला. त्या वेळी हवालदार टेप घेऊन शेजारच्या सीटवर असता, तर पाच काय, आठ सेंटीमीटर निघाले असते!

पुढच्या वर्षी माझा डी.एड.ला नंबर लागला. निघायच्या दिवशी अंगणात पाहतो तर आजा ब्रश घेऊन पेटीपुढे बसलेला. मोकळ्या जागेत त्याने आपला जुना नंबर पुन्हा रंगवला होता.

"रिकामी बरी नाय दिसत," तो म्हणाला. "माझा वापर."

आज आजा नाही. पेटी साखरशेतच्या शाळेत माझ्या टेबलाखाली असते, नाव माझं आणि नंबर त्याचा. आत पोरांच्या वह्या. आणि फुगण्याचं म्हणाल, तर पाच सेंटीमीटर मी आता कधीही दाखवतो. फक्त टेप छातीच्या जरा खाली धरावी लागते.