देवीच्या टेम्पोमागचं अंतर

धाकटे दीर गेले तेव्हापासून मी देवापुढे दिवा लावत होते, पण काही मागत नव्हते. दिवा सवयीने लागतो, मागायला भरवसा लागतो. दीर ट्रक चालवायचे. पुढच्या गाडीने एकदम ब्रेक मारला आणि त्यांची गाडी मागून तिच्यात घुसली, एवढीच हकिकत. दारू नव्हती, डुलकी नव्हती, पाऊसही नव्हता. दोन गाड्यांमध्ये जेवढी जागा हवी होती तेवढी नव्हती. लोक म्हणाले, देवाची इच्छा. जागा ठेवणं माणसाच्या हातात होतं, त्यात देवाला कशाला ओढता, असं मी भर तेराव्याला बोलले. सासूबाईंनी त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

माझे यजमानही ट्रकच चालवतात. आम्ही मूळचे लातूरकडचे, पोटासाठी इकडे आलेलो. मी तळवड्याच्या एका लहान कारखान्यात तयार माल तपासते, आणि तो माल चाकणच्या कंपन्यांना बऱ्याचदा यांच्याच गाडीतून जातो. सख्ख्या भावाला केबिनमधून स्वतःच्या हातांनी बाहेर काढलेला हा माणूस, तरी पुढच्या गाडीला चिकटून चालवायची सवय काही सुटली नव्हती. या पट्ट्यात सगळेच तसे चालवतात. जागा सोडली की रिक्षा घुसते, रिक्षामागे कार घुसते, आणि कंपनीच्या गेटवर आपला नंबर मागे जातो. जागा सोडणारा इथं बावळट ठरतो, असं ते म्हणायचे. ते घराबाहेर पडले की परत येईपर्यंत माझा एक कान फोनकडे असायचा. यांचंही तसंच होणार, फक्त कधी ते ठरायचं होतं, असं मी मनाशी धरून चालले होते.

त्या दिवशी सकाळी चाकणहून फोन आला. आमच्या मालात खोट निघाली होती. नवा माल पाठवा, सोबत तपासणारं माणूसही पाठवा, नाहीतर दुपारी कंपनीतली उत्पादनाची लाइन बंद पडेल. मी यांच्या शेजारी केबिनमध्ये चढले. देहू मागे टाकून चाकणच्या रस्त्याला लागलो तरी फोन थांबत नव्हता. आमच्या पुढे लोखंडी सळयांचा ट्रेलर होता. सळयांची टोकं मागे बाहेर आलेली, त्यांना लाल फडकं बांधलेलं. ते फडकं अगदी काचेसमोर फडफडत होतं.

"अहो, मागे घ्या जरा."

"मागं घेतो. मग लाइन बंद पडल्यावर तू उत्तर दे."

"देईन. तुम्ही गाडी मागे घ्या."

"तुला काचेतून जवळ दिसायलंय. गप बस बरं."

मी गप्प बसणारी नाही, पण बोलून उपयोग नव्हता. खूप महिन्यांनी मनात आलं, आता तूच बघ बाई. कोणाला म्हटलं ते मलाही ठाऊक नाही.

थोडं पुढे गेल्यावर डावीकडून एक टेम्पो आला आणि आमच्या व ट्रेलरच्या मध्ये घुसला. "घुसला बघ!" म्हणत यांचा हात हॉर्नकडे गेला आणि तिथेच थांबला. टेम्पोच्या हौद्यात पेंढा पसरून त्यावर देवीची नवी मूर्ती उभी केली होती, तोंड आमच्याकडे. प्रतिष्ठापना व्हायची होती म्हणून चेहरा पिवळ्या वस्त्राने झाकलेला. शेजारी नऊवारीतल्या एक आजी होत्या. लेकराला सावरावं तसा त्यांनी देवीच्या कमरेला हात घातला होता. आमच्याकडे बघून त्या ओरडल्या, "आरं दमानं! आई हाय गाडीत!"

यांनी हॉर्नकडे गेलेला हात कपाळाला लावला आणि रेस सोडली. टेम्पो लांब जाऊ लागला. मागचे लोक हॉर्न बडवत होते, पण हे जवळ जाईनात.

"आता लाइन नाही का बंद पडत?" मी विचारलं.

"देवीच्या अंगावर गाडी घालू काय?"

"माणसांच्या अंगावर घालता की रोज."

बराच वेळ आम्ही तसेच, अदबीने मागे राहून चाललो. एवढी मोकळी जागा असून मध्ये कोणी घुसलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. मग टेम्पो एका फाट्याला वळला. समोर नुसता रस्ता आणि त्यापलीकडे तो ट्रेलर राहिला. यांनी पुन्हा रेस द्यायच्या आतच ट्रेलरचे लाल दिवे लागले. त्याच्यापुढे कोणाची तरी मोटारसायकल खडीवर घसरली होती.

यांनी ब्रेक दाबला. भरलेली गाडी दाबल्याबरोबर थांबत नसते. ती घासत गेली, मधली सगळी जागा खात गेली आणि सळयांच्या टोकांपासून हातभर अलीकडे उभी राहिली. पुढे मोटारसायकलवाला उठून कपडे झटकत होता. मागचेही कसेबसे थांबले.

हे खाली उतरले. सळया आणि काच यांच्यामध्ये जाऊन उभे राहिले. मी उतरून जवळ गेले तेव्हा म्हणाले, "त्याला एवढीच जागा पाहिजे होती गं." भाऊ गेल्यावर हा माणूस रडला नव्हता. त्या रस्त्यात रडला.

लाइन थोडा वेळ बंद पडली. कंपनीतले साहेब ओरडले, मी ऐकून घेतलं. आम्ही संध्याकाळी घरी होतो.

आता ते जागा ठेवून चालवतात. लोक घुसतात, ते पुन्हा मागे होतात, पुन्हा कोणी घुसतं. "घुसू दे, त्याची घाई त्याला," म्हणतात. शरण जाणं म्हणजे हातपाय सोडून बसणं, असं मला वाटायचं आणि म्हणून त्याची चीड यायची. पाय ब्रेकवर ठेवूनही शरण जाता येतं. पुढची जागा आपलीच आहे हा हट्ट तेवढा सोडायचा असतो. तो कोणाच्या बोलण्याने सुटत नव्हता. माझ्या तर नाहीच.

ती कोणती देवी होती, कोणत्या गावाची, कळलं नाही. चेहरा झाकलेला होता आणि त्या फाट्याला गावं पुष्कळ आहेत. सासूबाई म्हणतात शोध, ओटी भरून ये. मी शोधलं नाही. घरीच हात जोडते. तेव्हा कोणाचंच रूप डोळ्यांपुढे येत नाही, थोडा मोकळा रस्ता दिसतो. तेवढं मला पुरतं.