शेंदवाडीला दिलेला शब्द

अमळनेरच्या महाविद्यालयात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी वक्तृत्वस्पर्धेत भारताच्या ऊर्जाधोरणावर बोललो आणि स्वतःवर अतिशय प्रसन्न होऊन व्यासपीठावरून उतरलो. परीक्षक होत्या पदार्थविज्ञानाच्या प्रा. इंदुमती सोनवणे. त्यांनी मला जिन्यात गाठले. "देशाला वीज दिलीत, उत्तम. पण कोणाला, किती वाजता, आणि कोणाचे काय घेऊन?" मी भाषणातले आकडेच पुन्हा सांगू लागलो. "मग भाषण अजून झालेले नाही," एवढे बोलून त्या जिना उतरून गेल्या. बक्षीस हुकले, विषय मात्र जन्माचा मिळाला. आज जळगावात मी तोच विषय शिकवतो.

सारा खानदेश ज्यांना अक्का म्हणतो, त्या आमच्या सोनवणे बाईंना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथासाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला एक सूचना केली : प्रसंग आनंदाचा आहे, तेव्हा शेंदवाडीचे प्रकरण टाळावे. ही सूचना मी अमान्य करतो. शेंदवाडी वगळून अक्कांचा गौरव करणे हा त्यांचा अपमान आहे, आणि तो माझ्या नावाखाली छापला जाणार नाही.

सौरऊर्जा हा शब्द चेष्टेचा विषय होता, त्या काळापासून अक्का तिच्याबद्दल बोलत आल्या आहेत. रावेरला केळीउत्पादकांच्या बैठकीत एका ज्येष्ठ बागायतदारांनी त्यांना विचारले होते, "अक्का, आभाळ आलं तर केळीला काय उपाशी निजवू?" अक्का म्हणाल्या, "नाना, सध्या रात्रीची वीज येते तेव्हा तुम्ही तरी कुठे निजता?" सभा हसली. नानाही हसले, आणि बैठक संपल्यावर पंपाची माहिती विचारायला सर्वांत आधी तेच आले. अक्कांची श्रद्धा सूर्यावर नव्हती, हिशेबावर होती. गरीब देशाने श्रीमंत देशांचा धूर पुन्हा काढू नये, हे त्या निःसंदिग्धपणे सांगत. मात्र त्याच दमात हेही बजावत, की कोळशाची राख ज्यांच्या अंगणात पडली त्यांचीच जमीन सूर्यासाठी मागायची आणि दोन्ही वेळा उजेड शहरात न्यायचा, याला ऊर्जेचे संक्रमण म्हणत नाहीत.

शेंदवाडी हे सोनगीरच्या पलीकडचे, खडकाळ माळावरचे लहान गाव. एका कंपनीला सौरप्रकल्पासाठी तिथले गायरान हवे होते आणि ग्रामसभेने नकार दिला होता. अक्का आपणहून गेल्या. त्यांनी गावापुढे दोन अटी मांडल्या : शेतीच्या पंपांना दिवसा वीज मिळेल, आणि गावच्या पाण्याला कंपनी हात लावणार नाही. कंपनीच्या आणि वीजखात्याच्या अधिकाऱ्यांनी भर सभेत दोन्ही अटींना होकार दिला. गावाने गायरान दिले, ते कंपनीकडे किंवा सरकारकडे पाहून नव्हे, अक्कांकडे पाहून.

पुढे घडले ते लिहिताना मला भाषेचा संयम कठीण जातो. सौरपॅनेलांच्या काचेच्या तावदानांवर धूळ बसली की निर्मिती घटते, म्हणून ती धुवावी लागतात. कंपनीने गावाच्या वरच्या अंगाला खोल बोअर घेतले आणि ऐन वैशाखात टँकरमागून टँकर भरून काचा धुवायला सुरुवात केली. खाली गावची विहीर आटली. बायका हंडे घेऊन कुंपणाबाहेर बसत, आणि कुंपणाच्या आत काचांवरून पाणी ओघळत असे. ज्या नियोजनात पाण्याचा विचार होत नाही त्याला हरित म्हणवून घेण्याचा अधिकार कोणी दिला?

प्रकल्पाच्या वर्धापनदिनाला अक्का प्रमुख पाहुण्या होत्या. मी सोबत होतो. मंडपात न जाता त्या आधी विहिरीवर गेल्या, वाकून तळ पाहिला, आणि मगच व्यासपीठावर आल्या. कंपनीचे तरुण व्यवस्थापक शाल घेऊन पुढे झाले.

"शाल राहू द्या. हे टँकर कुठून भरता?"

"मॅडम, आमच्याच बोअरमधून. परवानगी आहे."

"जमिनीखालीही कुंपण घातले आहे का तुम्ही? तुमचे पाणी इकडे, गावाचे तिकडे?"

"धुतलं नाही तर निर्मिती पडते, मॅडम."

"ते मी तुम्हाला शिकवू शकेन. कोरड्या ब्रशाने धूळ निघते. तुमच्या कंपनीच्या राजस्थानातल्या प्रकल्पात निघते, मग इथे का नाही?"

"वरून मंजुरी घ्यावी लागेल."

"घ्या. मी थांबते."

आणि त्या व्यासपीठावरून उतरून, कुंपणाबाहेर बायकांच्या ओळीत, टँकरच्या वाटेवर जाऊन बसल्या. शेजारी बसलेल्या कौसाबाई बोलण्यात गावात सर्वांत तिखट. त्या अहिराणीत म्हणाल्या, "अक्का, तुम्हना सूर्य आम्हले भलता महाग पडना!"

"पडना, बाई," अक्का म्हणाल्या. "शबद मन्हा व्हता."

"मंग बसा आते आम्हनासंगे. बठ्ठं पानी काचले, अन् आम्हले ऊन!"

सगळे पाणी काचांना आणि आपल्याला ऊन, या वाटणीवर बायका हसल्या, अक्काही हसल्या. मला मात्र हसू आले नाही. होकार देणारे सगळे अधिकारी मंडपाच्या सावलीत बसले होते, आणि दिलेल्या शब्दाची लाज वाटणारी व्यक्ती एकटीच उन्हात होती. संध्याकाळच्या आत मंजुरी आली. टँकर थांबले, ब्रश आले, आणि त्या बोअरचे पाणी आता गावच्या टाकीत पडते. दुसऱ्या दिवशी एका वृत्तपत्राने त्यांना 'सौरविरोधी प्राध्यापिका' म्हटले. आयुष्यभर सौरऊर्जेची बाजू मांडणाऱ्या विदुषीला हे विशेषण लावणाऱ्याने निदान शाळेत विज्ञानाच्या तासाला जागे राहायला हवे होते.

अक्कांचा राग कधी माणसावर नसतो, याचाही दाखला देतो. त्याच व्यवस्थापकांना पुढे धुळ्यात कावीळ झाली. घर लांब, जवळ कोणी नाही. अक्का त्यांच्यासाठी स्वतः मऊ खिचडी करून पाठवत. मी काहीशा नाराजीनेच कारण विचारले. "भांडण कंपनीशी आहे, त्या मुलाच्या यकृताशी नाही," त्या म्हणाल्या, आणि पुढचा डबा माझ्याच हाती दिला. तो मी मुकाट्याने पोचवला.

पाण्याचा शब्द असा पुरा झाला. विजेचा झालेला नाही. भर दुपारी शेंदवाडीच्या माळावर वीज तयार होते, गावच्या शेतांवरून तारांनी दूर जाते, आणि गावचे पंप रात्रीच चालतात. कधी शेतीपंपांची वीजवाहिनी वेगळी झालेली नसते, कधी रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आलेले नसते, कधी साहेब बदललेले असतात. अक्का दरवेळी कार्यालयात जाऊन बसतात. त्यांना चहा मिळतो, 'मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेतला' हे वाक्य मिळते, आणि त्या परत येतात. सौरऊर्जेच्या प्रगतीचे फलक आपल्या जिल्ह्यांतल्या चौकाचौकांत लागलेले असताना हे चालले आहे, आणि आपण सुशिक्षित माणसे ते फलक वाचून पुढे जातो.

म्हणूनच सत्काराचा प्रस्ताव घेऊन समिती त्यांच्याकडे गेली तेव्हा अक्कांनी धुळ्याचे सभागृह नाकारले. सत्कार शेंदवाडीत होईल. भर दुपारी होईल. आणि ध्वनिक्षेपक शेतीपंपांच्या वाहिनीवर चालेल. समितीचे एक सदस्य चाचरत म्हणाले, "अक्का, वीज नसली तर? जनरेटर ठेवू का?"

"जनरेटर आला तर मी येणार नाही."

निमंत्रणपत्रिका छापून झाली आहे. भर सभेत होकार देणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे तिच्यावर सन्मानाने घातली आहेत, आणि अक्कांच्या आग्रहावरून कौसाबाईंना पहिल्या रांगेत जागा दिली आहे. त्या दुपारी तारेत वीज असेल की नसेल, हे ठरवणे सर्वस्वी त्या सन्माननीय पाहुण्यांच्या हाती आहे.

प्रा. इंदुमती सोनवणे यांना निरामय दीर्घायुष्य लाभो. ते त्यांना स्वतःसाठी लाभो; पुस्तकांसाठी, नातवंडांसाठी, सावलीत निवांत बसण्यासाठी लाभो. अधिकाऱ्यांना त्यांनीच दिलेल्या होकाराची आठवण करून देण्यात ते खर्ची पडू नये. हीच शुभेच्छा मला त्या दुपारी शेंदवाडीत बोलायची आहे. वीज आली तर शांतपणे बोलेन. नाही आली तर शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल इतक्या मोठ्याने ओरडून बोलेन.