पैलवान मामांनी नवरी आणली

पैलवान मामा आयुष्यात एकही कुस्ती खेळले नाहीत. तरी चालायचे असे, की दोन्ही काखांत एकेक टरबूज धरलंय. ते माझे थोरले भाऊ. खापरखेड्याची नोकरी संपवून सक्करदऱ्याला आमच्या शेजारी राहायला आले आणि माझ्या प्रणालीचं लग्न ठरताच त्यांनी जिम लावली. आमच्याकडे मामा नवरीला उचलून मांडवात आणतो. प्रणाली अंगाने भरलेली. मामांनी तिला नजरेनेच जोखलं आणि दुसऱ्या दिवसापासून वजनं उचलायला गेले.

उचलण्यात त्यांनी कसूर केली नाही. कसूर व्हायची ती नंतर. जिममधला शिकवणारा रोज दारापर्यंत मागे यायचा. "काका, अंग ताणून जा. कंबर आखडते." मामांचं उत्तर ठरलेलं, "झोपेतून उठलेली मांजर आहो का मी?" आणि ओल्या बनियनवर थेट चौकातल्या तर्री पोह्यांकडे. दुसऱ्या प्लेटीला वेळ असायचा, पाय ताणायला नसायचा.

मग दुपारभर कण्हणं. प्रणाली पाठीला मलम चोळत म्हणायची, "मामा, दोन मिनिटं ताणलं असतं तर?"

"तुले काय समजते वं? दुखते म्हणजे ताकद येऊन राहिली."

ही ताकद इतकी आली की खुर्चीतून उठायला त्यांना दोन माणसं लागू लागली. तरी अंगणात तांदळाचा कट्टा उचलून दाखवायचे. कट्टा बिचारा काही बोलत नव्हता.

लग्नाच्या सकाळीही ते जिमला निघाले. मी एवढंच म्हटलं, "दादा, आज राहू द्या."

"आजच तर पाहिजे, बाई. पोरीले मी उचललं नाही तर कोण उचलंन?"

तिथून पोहे, तिथून मांडव. मांडवात जे खुर्चीवर बसले ते मुहूर्त येईपर्यंत हलले नाहीत.

भटजींनी मामाला हाक मारली. दोघांनी उठवल्यावर मामा मांडवाच्या दाराशी उभ्या प्रणालीपाशी गेले, वाकले, तिच्या गुडघ्यांमागे हात घातला आणि तसेच राहिले.

"मामा, उचला न."

"थांब वं. दम घेऊन राहिलो."

"दम घेता का मुक्काम करता?"

वाजंत्री थांबली. वऱ्हाडी बाया पदरात हसल्या. शेवटी प्रणालीने शालू सावरला, मामांचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि चालू लागली. मामाने नवरी आणायची असते, आमच्या मांडवात नवरीने मामा आणला. मंगलाष्टकं होईस्तोवर ते तिच्या मागे ओणवे उभे होते, जमिनीवर काही हरवल्यासारखे. फोटोत तसेच आलेत.

पाठवणीच्या वेळी ते पुढे येईनात. कोपऱ्यात तोंड लपवून उभे. प्रणाली गाडीत बसेना. त्यांच्यापाशी गेली नि म्हणाली, "आधी अंग ताणा. मग मी जातो."

"आता? सारं वऱ्हाड पाहून राहिलं."

"पाहू द्या."

मामांनी मांडवाचा खांब दोन्ही हातांनी धरला आणि एक पाय मागे ताणला. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून पाणी तसंच गालावरून ओघळत होतं. इतका सावकाश ताण त्या जिमने कधी पाहिला नसेल. हे संपलं की गाडी निघणार, एवढं त्यांना कळत होतं.

गाडीवाल्याने हॉर्न दिला. मामा वळलेसुद्धा नाहीत.

"थांब न गा," ते म्हणाले, "अजून दुसरा पाय राहिला."