मागची रांग

काल ग्रामपंचायतीची सतरंजी उन्हात झटकली, आणि त्या कोंदट धुळीच्या वासासरशी मला ती जुनी ग्रामसभा आठवली. आमच्या देवळाच्या सभामंडपाचा ठराव गणपूर्तीअभावी आदल्याच महिन्यात तहकूब झाला होता, आणि त्या दिवशी त्याच सतरंजीवर गावातील ख्रिस्ती कुटुंबे आपल्या प्रार्थनाघराची परवानगी व निधी मागण्यासाठी झाडून आली होती. मत्सर हा सहा रिपूंतील शेवटचा, हे मी जन्मभर विद्यार्थ्यांना शिकवले. परंतु त्यांची ती भरलेली रांग पाहून तो माझ्याच छातीत धुमसू लागला. ग्रामसेवकांनी डोकी मोजली. "गणपूर्ती काठोकाठ झाली. आता एकही जन उठला तं सभा तहकूब," ते म्हणाले. मी काठी टेकून उठलो. तेव्हा मागच्या रांगेतील एक वृद्ध ख्रिस्ती बाई हळूच म्हणाली, "बसा नं जी, गुरुजी. मांगच्या खेपेले तुमच्या मंडपासाठी आमी सारे शेवटवर बसलो होतो. तुमचेच लोक उठून गेले." तिच्या स्वरात टोमणा नव्हता, म्हणून ते अधिक लागले. मंडपाच्या त्या सभेत मी पहिल्या रांगेत होतो. मागे कोण बसले आहे, हे वळून पाहिलेच नव्हते. मी खाली बसलो आणि त्यांचा ठराव संमत झाला. पुढे प्रार्थनाघर उभे राहिले, आमचा मंडपही झाला. इमारतीचा हेवा केव्हाच विरला. मात्र सायंकाळी आरती करताना आता मी मागे वळून पाहतो, मंडप बहुधा रिकामाच असतो, आणि त्या भरलेल्या रांगेचा हेवा अजून वाटतो.