बर्फात ठेवलेला डबा

माझ्या मावशीवर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, रत्नागिरीतल्या एका खासगी इस्पितळाच्या जिन्यात. ती तेव्हा भुलीत होती. मोठ्या आतड्यातली गाठ काढली होती आणि ती गाठ एका डब्यात घालून माझ्या काकांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, हातात दिली. "मुंबईला तपासायला पाठवा." बस, एवढंच. देणारा कर्मचारी वर निघूनही गेला.

काका दाभोळचे, जन्म होडीवर गेलेला. डबा उघडताच वास ओळखीचा आला. शिळा मासा ताजा दिसावा म्हणून लबाड व्यापारी मारतात तेच औषध, फॉर्मॅलिन. त्यांनी ते ओतून दिलं, गाठ धुतली आणि थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून मुंबईला धाडली. पोचेपर्यंत बर्फाचं पाणी झालं होतं.

मुंबईच्या डॉक्टरीण बाईंनी मला नीट समजावलं. कॅन्सर आतड्यापुरताच होता, पुढं पसरलेला दिसत नव्हता. अशा वेळी केमो द्यावी की नको, हे ठरवणं अवघड. गाठीतली कुठली जनुकं जोरात काम करतायत, कुठली गप्प आहेत, हे मोजलं तर रोग परतण्याचा धोका किती याचा अंदाज येतो. "पण गाठ टिकते ती फॉर्मॅलिनमध्येच. ते ओतलं, आता यात मोजण्याजोगं काही उरलंच नाही," त्या म्हणाल्या. "आता सावधगिरी म्हणून केमो देऊ."

मी इस्पितळात जाऊन भांडले. तिथला व्यवस्थापक म्हणाला, "डब्यावर सूचना होती." होती. इंग्रजीत.

घरी काका भिंतीकडे बघत बसलेले. मी विचारलं, ते ओतलंत कशाला? "बाय, तिच्या आतड्याला तसलं विष लावून ठेवू मी?"

मावशी खाटेवरून म्हणाली, "त्यांना काय बोलतेस गो. जन्मभर गिऱ्हाइकाला मीच सांगत आले, मासा बर्फातला आहे, वास घेऊन बघ. नवऱ्याने एकदाच माझं ऐकलं."

आम्ही हसलो. 

केमो संपली, पण तिनं आणलेल्या बोटांतल्या मुंग्या गेल्या नाहीत. गार वस्तूला हात लागला की सुया टोचतात. जिचा धंदाच बर्फातला, ती आता बाजाराच्या टोकाला सोडे-सुकट अशी सुकी मासळी घेऊन बसते. ती केमो गरजेची होती की नव्हती? असेलही. आता कुणीच सांगू शकत नाही, आणि मावशीही मला विचारायची थांबलीय.

गावाच्या कामांसाठी पत्रकं मी पुष्कळ काढली. जेट्टीची, रस्त्याची, पाण्याची. बहुतेकांत लोकांनी शेंगदाणे बांधले. दमलेय, तरी हे एवढं लिहितेय.

तुमच्या माणसाची गाठ काढली आणि कुणी डबा पुढं केला, तर हात मागं ठेवा. विचारा: आत काय आहे, हे पाणी कसलं, ओतायचं की नाही, कुठं आणि किती वेळात न्यायचं. मराठीत सांगायला लावा. उत्तर मिळेपर्यंत त्या जिन्यातून हलू नका.