मुकी पट्टी

चाळीस वर्षं दुसऱ्यांचे पियानो सुरात लावणाऱ्या ट्यूनरकाकांना स्वतःला एक गाणं धड वाजवता येत नसे. हे काम त्यांनी सासऱ्यांकडून उचललं. सासऱ्यांनी मुलगी दिली आणि वर हत्यारांची पिशवी दिली, यांनी जीव लावला तो पिशवीला, असं बायको म्हणायची. शाळा, नाचाचे वर्ग, हौशी लोकांचे दिवाणखाने असं त्यांचं हिंडणं. घरी आलं की रेडिओ. त्यावर एक ठरावीक वादक लागले, की काका हातातला घास तसाच धरून बसत.

ते वादक सुट्टीच्या दिवशी दुपारी गावातल्या सभागृहात वाजवणार आणि तिथला जुना उभा पियानो आपण लावायचा, हे कळल्यापासून काकांचं जेवण निम्म्यावर आलं. त्या दिवशी ते सकाळीच कामाला बसले. प्रत्येक सुराला तीन तारा. एक लावायची तर बाकीच्या दोघींना गप्प करायला रबराची पाचर खोचावी लागते. मधला एक सूर मनासारखा बसेना, म्हणून तो त्यांनी शेवटी पुन्हा घेतला होता. तेवढ्यात व्यवस्थापक सांगत आला, की साहेब आले. काका खिडकीकडे धावले. पांढऱ्या केसांचा, किरकोळ अंगाचा माणूस गाडीतून उतरत होता. काका परतले ते तरंगतच. त्यांनी पियानोचं झाकण लावलं, रुमालाने पुसलं आणि ते कोट चढवायला घरी गेले.

कार्यक्रम सुरू झाला आणि दुसऱ्याच ओळीत मधली पट्टी ठप्प वाजली. सूर नाही, नुसतं लाकूड. काका खाली वाकले. पिशवी पायाशी होतीच. चाचपून पाहिलं, तर सहा पाचरांच्या जागी पाच. सहावी आत घसरून तिन्ही तारा दाबून बसली होती. भर कार्यक्रमात उठून सांगायचा धीर होईना.

वादकांनी ती पट्टी आणखी एकदा दाबून पाहिली. मग पुन्हा बोट लावलं नाही. चाल त्या सुरापाशी आली, की कधी खालून वळसा, कधी वरून उडी. रस्त्यात खड्डा आहे हे चालणाऱ्याच्या पावलावरून कळूच नये, तसं. काका आपली चूकही विसरले. असं काही माणसाला जमत असेल, हे त्यांनी चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

लोकांना मात्र ते फिकं वाटलं. ज्या धूनसाठी सगळे आले होते, ती त्या सुरावरच उभी होती. ती वाजलीच नाही. पाऊण तासात कार्यक्रम आटोपला. सुट्टी फुकट गेली, असं म्हणत लोक उठले. शेजारी बसलेली बायको म्हणाली, "अहो, तुमचे साहेब थकले हो."

मग काकांनी तिला खरं सांगितलं. ती म्हणाली की कोणाला कळलेलं नाही, गप्प घरी चला, नाहीतर या सभागृहाचं काम जाईल. काका चार पावलं तिच्यामागे गेले आणि मागे फिरले.

वादक आतल्या खोलीत एकटेच बसले होते. काका दारातूनच म्हणाले, "साहेब, ती मधली पट्टी... पाचर माझी राहिली आत. मी ट्यूनर."

वादकांनी हळूच वर पाहिलं. "म्हणजे ती खरंच वाजत नव्हती?"

"नाही, साहेब."

त्यांनी डोळे मिटून घेतले, मग सांगितलं. कानांचं दोन वर्षं दुखणं होतं; एखादा सूर अचानक जाईल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. समोर कोणाच्या चेहऱ्यावर काही दिसेना, तेव्हा ते धरूनच चालले, की तो दिवस आला. घरी जाऊन पियानो कायमचा बंद करायचा, हेही वाजवता वाजवताच ठरवून झालं होतं.

काकांना ते वळसे, त्या उड्या आठवल्या. एवढं मनात घेऊन ते वाजवत होते.

दोघे रिकाम्या सभागृहात आले. काकांनी पियानोची फळी काढली, पाचर ओढली. वादकांनी उभ्याउभ्याच ती पट्टी दाबली. पुन्हा दाबली. मान कलती करून तिसऱ्यांदा.

"तीनपैकी एक तार जरा उतरलीये का हो?"

ती लावायचीच राहिली होती. केसभर फरक, काकांना स्वतःलाही कान लावल्यावर कळला.

"उतरलीये, साहेब," काका म्हणाले. "तुमचा कान अगदी बरोबर आहे."




वादकांनी खुर्ची ओढली आणि ते जवळ बसले. "लावा," म्हणाले. "मी ऐकतो."