डेन्मार्क नानांचं मत

नाना आपल्या वर्गात कुणाला हात वर करू देत नसत. इतर मास्तरांच्या तासाला "कुणाला येतं?" म्हटलं की हातांचं रान उभं राहायचं. नानांच्या तासाला चुकून एखादा हात वर गेलाच, तर ते विंचू दिसल्यासारखे दचकायचे आणि म्हणायचे, "खाली घे बाबा, आधी खाली घे. हात वर केला की माणूस दिसतो." वर्गाचा मॉनिटर निवडायचा तर एक मडकं यायचं, त्याच्या तोंडाला फडकं बांधलं जायचं आणि प्रत्येक पोराने दाराआड जाऊन चिठ्ठी टाकून यायची. यात तास बुडायचा. हेडमास्तर कुरकुरले की नाना घसा खाकरून सुरुवात करायचे, "डेन्मार्कमध्ये पूर्वी..." आणि हेडमास्तरांना एकदम ऑफिसातलं काम आठवायचं.

मी धुळ्याकडचा. सावद्याजवळच्या त्या गावातल्या हायस्कुलात गणित शिकवायला लागलो, तेव्हा माझ्या तोंडात अजून अहिराणीतलं 'शे' आणि 'बठ्ठा' होतं आणि स्टाफरूममध्ये त्यावरून माझी यथेच्छ टिंगल व्हायची. नाना तेवढे हसले नाहीत. पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "मास्तर, डेन्मार्कच्या निवडणुकांबद्दल तुमचं काय वाचन आहे?" मी म्हटलं, "काहीच नाही." त्यांचा चेहरा असा खुलला, की जणू मी त्यांच्या मुलीला पसंत केलं होतं. गावात 'डेन्मार्क नाना' म्हणूनच ते ओळखले जात, आणि त्यांना ते आवडत असे.

हे वेड त्यांना लागलं पुण्यात. गावचे आबा म्हणजे आमच्या शाळेचे अध्यक्ष, केळीचे मोठे बागायतदार. त्यांनी नानांना सहकाराचं शिक्षण घ्यायला पुण्याला पाठवलं होतं. सहकार म्हटला की त्या काळी डेन्मार्कचं नाव आलंच. तिथले दूधसंघ, तिथलं लोणी. सगळे विद्यार्थी लोणी शिकून परत आले, नाना निवडणुका शिकून आले. आबा कपाळाला हात लावून म्हणाले म्हणे, "याले म्हशी पाहाले धाडलं, हा राजा पाहून आला!"

संध्याकाळी आम्ही केळीच्या बागांमधून फिरायला जायचो. चहूबाजूंनी केळी, मधे पायवाट, वारा म्हणून नाही, आणि नाना मला डेन्मार्क सांगायचे. तिथे राजा आहे, पण शंभर वर्षांमागेच राजाने आपली सत्ता लोकांच्या हाती दिली. लोकांची सभा झाली, तिला ते फोल्केटिंग म्हणतात. "पण मत कसं द्यायचे ठाऊक आहे? उमेदवार ओट्यावर उभा, लोक खाली, आणि हात वर! तिथेच बाजूला जमीनदाराचा कारभारी. कोणत्या कुळाचा हात कुणासाठी वर गेला ते तो बघून ठेवायचा. आता सांगा मास्तर, त्या कुळाला मत होतं की नव्हतं?" गुप्त मतदान यायला तिथे पुढे पन्नासेक वर्षं जावी लागली. ती पन्नास वर्षं स्वतः उभ्याने काढल्यासारखे नाना ते सांगायचे.

एकदा त्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. डेन्मार्कमध्ये नव्या घटनेवर मतदान होतं, आणि एकूण मतदारांपैकी जवळजवळ निम्म्यांनी बाहेर पडून होकार दिला नाही तर घटना बारगळणार होती. नानांनी ते दिवस घरच्या बाळंतपणासारखे काढले. इकडच्या वर्तमानपत्रांत त्याचं नाव नाही. कुठून तरी बातमी कळली की थोडक्यात का होईना, पण जमलं. शाळेच्या शिपायाने विचारलं, "नाना, पेढे कशाचे?" नाना म्हणाले, "डेन्मार्कचं वरचं सभागृह गेलं." शिपाई म्हणाला, "गेलं? मंग पेढे काबरं?" आम्ही पोट धरून हसलो. नाना मात्र गंभीरपणे म्हणाले, "आता तिथे मुलगीसुद्धा गादीवर बसेल."

अशा या माणसाने स्वतः मात्र एकदाही मत दिलेलं नव्हतं. देशाच्या पहिल्या निवडणुकीत त्यांना बोदवडला केंद्रावर ड्यूटी लागली. दिवसभर ते दुसऱ्यांना पेट्या दाखवत बसले आणि त्यांचं मत इकडे राहून गेलं. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, तिच्यावर त्याचं चिन्ह. पडद्याआड जायचं, हव्या त्या पेटीत कागद टाकायचा. त्या पडद्याबद्दल नाना जसं बोलायचे तसं लोक गाभाऱ्याबद्दल बोलतात.

नानांचे वडील आबांच्या घरी कारभारी होते. आईवडील दोघंही पटकीत गेले आणि आबांच्या वडिलांनी हे पोर घरात आणलं. जेवण, शिक्षण, नोकरी, बायको, सगळं त्याच घरातून आलं. नाना राहायचे तेही आबांच्या घरामागच्या दोन खोल्यांत. खिडकी उघडली की आबांचं अंगण, दार उघडलं की आबांचा गोठा. "नानाऽऽ" अशी हाक आली की नाना अर्ध्या दाढीला साबण तसाच ठेवून धावायचे. आबा वाईट माणूस नव्हता हो. असता तर काम सोपं झालं असतं. नानांना त्यांनी कधी उपाशी ठेवलं नाही आणि कधी एकटं सोडलं नाही. नानांनी नवा सदरा शिवला तरी वहिनी, म्हणजे नानांची बायको, आधी विचारायची, "आबाले रंग दाखवला का?"

आणि अशात डेन्मार्कहून बोलावणं आलं. तिथल्या एका लोकविद्यालयाने वर्षभर राहायला, शिकायला बोलावलं होतं. जाण्यायेण्याचं भाडंही तेच देणार. नानांनी जळगावहून एक जाड लोकरीचा कोट आणला आणि आमच्या त्या उन्हात, अंग भाजत असताना, रोज तो घालून आरशासमोर उभे राहू लागले. घामाच्या धारा लागायच्या. वहिनी म्हणायची, "तिथी जाईपर्यंत विटून जाईन तो." नाना म्हणायचे, "सवय करतोय." मी त्यांना इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं. फक्त शाळेची रजा हवी होती, आणि शाळा म्हणजे आबा.

आबा म्हणाले, "जाय ना! तुले कोन अडवते? भाऊची निवडनूक होऊ दे, मंग मीच तुले मुंबईले जाऊन बोटीत बसवून देतो." आबांचा धाकटा भाऊ, ज्याला सगळं गाव नुसतं 'भाऊ' म्हणायचं, असेंब्लीला उभा होता. आबांनी लोकांना पेट्या कशा ओळखायच्या ते समजवायचं काम नानांवर सोपवलं. ते ठीकच होतं. पण आबांनी गावाला खंडोबाच्या देवळात बेलभंडार उचलायलाही बोलावलं. भंडार म्हणजे खंडोबाची हळद. बेलाच्या पानासकट ती हातात घेऊन बोललेला शब्द आमच्याकडे मोडत नाहीत, मोडला तर घराचं वाटोळं होतं असं मानतात. पडदा सरकारचा होता खरा, पण आबांनी पडद्याच्या आत खंडोबाला नेऊन बसवलं.

देवळात जायच्या आदल्या दिवशी नाना आबांच्याच अंगणात बायाबापड्यांना रिकामे डबे मांडून मतदान शिकवत होते. आबांच्या बागेत कामाला असलेली रखमाक्का पुढे बसली होती. तिने विचारलं, "नाना, पडद्याआड कोन राहते?"

"कुणी नाही अक्का. तू एकटी."

"देव?"

नाना डबे नीट मांडू लागले. ती म्हणाली, "त्या तुमच्या मुलखात भंडार नही का? उचल म्हटलं अन् उचलला, मंग काय करता ते लोक?"

नानांनी एकदा आबांच्या ओसरीकडे पाहिलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "जबरदस्तीनं उचललेला भंडार देव धरत नाही, अक्का." रखमाक्काने मान डोलावली आणि पदर खोचून उठली. दिवस मावळायच्या आत ते वाक्य गावात घरोघरी पोचलं होतं.

दुसऱ्या दिवशी देवळात आबांनी पहिली हाक नानांनाच मारली. घरचा माणूस आधी. माझं मत धुळ्याला, त्यामुळे मी बाहेर नुसता बघत उभा होतो. मला वाटलं, आता हा माणूस नाही म्हणणार. नाना पुढे झाले, त्यांनी भंडार उचलला, "भाऊला मत" असं म्हणाले. त्यात निम्मी हळद धोतरावर सांडली. मग सगळं गाव रांगेने भंडार उचलून गेलं. रखमाक्कासुद्धा.

संध्याकाळी बागेत मी त्यांच्यावर तुटून पडलो. "काल काय म्हणालात तुम्ही? देव धरत नाही ना? मग टाका दुसऱ्या पेटीत!" कारण भाऊ त्यांना पसंत नव्हता, हे मला चांगलं ठाऊक होतं. नानांनी वाटेत आलेलं केळीचं पान बाजूला सारलं. मग म्हणाले, "मास्तर, डेन्मार्कच्या पहिल्या कायद्यात एक कलम होतं. गावाच्या धर्मादायावर जो जगला आणि ज्याने ते फेडलं नाही, त्याला मत नाही. मी ते वाचलं तेव्हा मला फार राग आला होता. आता वाटतं, त्यांनी माणूस ओळखला होता. रखमाक्का या घरात राबून खाते. तिने जबरदस्तीनं उचलला. मी नुसतं खाल्लंय. मला दुसऱ्या पेटीत टाकताच येणार नाही." मी म्हटलं, "मग त्या पडद्याचा उपयोग काय?" ते म्हणाले, "तोच विचार करतोय."

मतदानाच्या दिवशी परीटघडीचं धोतर नेसून नाना रांगेत उभे राहिले. आयुष्यातलं पहिलं मत. पडद्याआड गेले ते लवकर बाहेरच येईनात. केंद्रावरचा माणूस हाका मारू लागला. आले तेव्हा चेहरा पार उतरलेला होता, आणि माझ्याकडे न बघता ते सरळ घरी गेले.

भाऊ पडला. पडला तो पडला, पण आमच्या गावच्या केंद्रावरही त्याला मतं कमी पडली. सगळ्या गावाने भंडार उचलला होता आणि निम्म्याहून जास्त गाव दुसऱ्या पेटीकडे वळलं होतं. नानांचं ते वाक्य आबांच्या कानावर जायला काय उशीर! मी नानांकडे चहाला बसलो होतो, तेव्हा हाक आली. या वेळी नाना धावले नाहीत, चालत गेले. मी मागोमाग गेलो.

आबा ओरडले नाहीत. त्यांचे डोळे भरले होते. "गाव गेलं, जाऊ दे. गाव कोनाचंच नही. पन माह्या बापानं तुले मांडीवर घेतलं व्हतं रे. एक सांग. तू कोनाले देलं?"

नानांनी धोतराचा सोगा सावरला.

"भाऊले देलं, एवढं म्हन. माह्या मनातलं किल्मिष जाईन. कागदावर सही करतो, उद्या तुह्या डेन्मार्कले निंघ."

रजेचा कागद खरोखरच समोर होता. मला वाटलं, सुटलो. खरं तेच तर सांगायचं होतं. पण नाना म्हणाले, "आबा, ते विचारायचं नसतं."

आबांनी पुन्हा विचारलं, जवळजवळ विनवणी केली. नानांनी तेच उत्तर दिलं, फक्त आवाज आणखी खाली गेला होता. मला राहवेना. मी तोंड उघडणार, तोच ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "मास्तर, पडद्याआड तुम्ही नव्हता." अख्ख्या शाळेत मिळमिळीत म्हणून प्रसिद्ध असलेल्या त्या माणसाची नजर तेव्हा अशी होती, की मी एक पाऊल मागे सरलो.

"म्हनजे नही देलं," आबा म्हणाले, आणि उठून आत गेले.

रजा मिळाली नाही. डेन्मार्कची जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली. कोट वहिनीने ट्रंकेत घातला. आबांनी नानांना खोल्यांतून काढलं नाही, नोकरीवरून काढलं नाही, दिवाळीचं ताटही पूर्वीसारखंच येत राहिलं. फक्त हाक बंद झाली. नानांना ते फार लागलं. सकाळी दाढी करताना ते मधेच थांबायचे, कान देऊन बसायचे, आणि मग पुन्हा वस्तरा चालवायचे. पुढे बऱ्याच वर्षांनी ते त्याच दोन खोल्यांत वारले. आबा शेवटपर्यंत त्यांच्याशी बोलले नव्हते, पण खांदा द्यायला सगळ्यांच्या पुढे तेच होते असं मला कळलं.

मला नाना आठवतात ते बसस्टँडवरचे. मला धुळ्याला नोकरी लागली होती आणि ते पोचवायला आले होते. बस भरत होती, बोलायला वेळ नव्हता, म्हणून मी एकदम विचारून टाकलं, "नाना, एका शब्दाने सुटला असता. आणि तो शब्द खोटाही नव्हता. का नाही बोललात?"

ते म्हणाले, "मास्तर, त्या घरात मला कळायला लागल्यापासून जे विचारलं गेलं, त्याचं मी उत्तर दिलंय. जेवलास का, कुठे गेला होतास, रात्री दिवा का जळत होता. पडद्याआड काय झालं, एवढं एक तरी माझ्यापाशी राहू द्या की."

बस सुटली. पारोळा येईपर्यंत मी त्यांच्यावर चरफडत होतो. इतका भला माणूस, शंभर वर्षांचं डेन्मार्क तोंडपाठ असलेला, आणि या जगात त्याला स्वतःचं म्हणून ठेवायला मिळालं ते एवढंच. तेही त्याने डेन्मार्क देऊन घेतलं.